गावच्या पारावरून जागतिक संघराज्याचं काम कसं सुरू करायचं

"जिभाऊ, कपाशीना भाव कोन ठरावस?"

खान्देशातल्या एका गावच्या पारावर हा एवढाच प्रश्न टाकला होता मी. एक म्हणाला व्यापारी, दुसरा म्हणाला जिनिंगवाला, तिसरा म्हणाला सरकार, आणि मोबाईलवर रोज भाव बघणारा एक पोरगा म्हणाला की न्यूयॉर्कचा वायदा पडला की दोन दिवसात आपल्याकडे पडतो. मग पुढचा प्रश्न आपोआप आला, की न्यूयॉर्कला आपलं कोण बसलंय? त्या रात्री अकरा वाजेपर्यंत कोणी उठलं नाही.

याच्या महिनाभर आधी त्याच गावात मी युनोचा रंगीत तक्ता छापून मीटिंग घेतली होती. सहा जण आले आणि अर्ध्या तासात चौघं उठून गेले. म्हणून ज्यांना आपल्या गावात, कॉलेजात, गल्लीत हे काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी मला जे जमलं आणि जे जमलं नाही ते सगळं लिहितोय.

आधी स्वतःचं डोकं स्वच्छ करा

जगाचं सरकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कुठेतरी बसलेला एक मोठा हुकूमशहा येतो. तसं नाहीये हे तुम्हाला दोन मिनिटात सांगता आलं पाहिजे, त्यामुळे संघराज्य म्हणजे काय हे आधी घरच्या घरी पक्कं करा. सोपी रीत म्हणजे आपलीच रचना सांगायची. गटारीचं काम ग्रामपंचायत बघते, त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. झेडपीची शाळा जिल्ह्याची, पोलीस राज्याचे, सैन्य आणि चलन देशाचं. प्रत्येक पातळीला तिचं तिचं काम, आणि प्रत्येक पातळीवर आपण मत देतो. फक्त सगळ्यात वरची पायरी रिकामी आहे. युद्ध, अणुबॉम्ब, हवामान, साथीचे रोग, जागतिक व्यापार हे प्रश्न त्या पायरीचे आहेत आणि तिथे आपण निवडून दिलेलं कोणीच नाही.

आता कोणीतरी म्हणेल की युनो आहे ना. आहे, आणि तिचं काम मी कमी लेखत नाही. पण तिथे १९३ देशांची सरकारं बसतात, लोकांचे प्रतिनिधी बसत नाहीत. आमसभेत भारताच्या १४० कोटी लोकांचं एक मत आणि तुवालू नावाच्या बेटांवरच्या साधारण ११ हजार लोकांचंही एकच मत, एवढी वस्ती तर आपल्या एखाद्या बाजाराच्या गावाची असते. आणि सुरक्षा परिषदेत १५ जण, त्यातल्या पाचांना व्हेटो. पाचातला एक जरी नाही म्हणाला तरी ठराव पडला. बळी तो कान पिळी हे तिथे नियमातच लिहून ठेवलंय.

तापीचं उदाहरण आमच्याकडे चांगलं लागू पडतं. मुलताईला उगम मध्य प्रदेशात, मग जळगाव, धुळे, नंदुरबार, आणि पुढे उकाई धरण करून सुरतला. तीन राज्यं एका नदीवर आहेत. पाण्यावरून कुरबुरी होतात, पण म्हणून महाराष्ट्राने गुजरातवर रणगाडे पाठवले असं झालं नाही, कारण दोघांच्या वर एक कायदा आहे, कोर्ट आहे, संसद आहे. दोन देशांच्या वर असं काय आहे? आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, पण दोन्ही देशांनी मान्य केलं तरच ते केस चालवतं. आपल्या तालुका कोर्टात आरोपीची परवानगी घेऊन केस चालली असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

आपल्या गावचा प्रश्न निवडा

ही पायरी चुकली की बाकी सगळं वाया जातं. "विश्वशांती" या शब्दाने सुरुवात करू नका, शब्द चांगला आहे पण तो ऐकून लोक मान डोलावतात आणि घरी जातात. रावेर-यावलकडे केळी धरा, नंदुरबारकडे धरणाचं पाणी धरा, आमच्याकडे कापूस.

कापसाची गोष्ट मी अशी सांगतो. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना मोठी सबसिडी द्यायची, त्याने जगभर भाव पडायचा. ब्राझीलने २००२ मध्ये डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, तक्रार केली आणि २००५ पर्यंत अपिलातसुद्धा जिंकला. पण निकाल लागला म्हणजे अंमल झाला असं तिथे नसतं, कारण बेलिफ पाठवणारं कोणी नाही. जिंकलेल्या देशाने समोरच्याच्या मालावर कर वाढवायची धमकी द्यायची, एवढंच हत्यार. ब्राझील मोठा देश, त्याची धमकी चालली, तरी शेवटची तडजोड व्हायला २०१४ उजाडलं, अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आणि त्याच कापसाबद्दल बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश २००३ पासून ओरडतायत. त्यांनी अमेरिकेला कसली धमकी द्यायची? त्यांच्यासाठी अशी तडजोडही झाली नाही. त्यात डिसेंबर २०१९ पासून डब्ल्यूटीओचं अपिलाचं मंडळच बंद पडलंय, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या आणि सुनावणीला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत.

हे सांगून झालं की थांबा. लोकांना बोलू द्या. मालीतला कापूसवाला आणि पारोळ्याचा कापूसवाला एकाच बाकावर बसलेत हे त्यांना स्वतःच दिसतं, तुम्ही भाषण द्यायची गरज पडत नाही.

आठ-दहा जणांचा गट

जास्त नको. एक शिक्षक, एक-दोन कॉलेजची पोरं, बचत गटातली एखादी ताई, एखादे रिटायर्ड नाना किंवा आप्पा ज्यांचं गावात ऐकलं जातं, आणि सगळ्या पक्षांची, सगळ्या आळ्यांची माणसं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एकाच पक्षाचे चार जण दिसले की गाव समजतं ही निवडणुकीची तयारी आहे, आणि मग तो शिक्का पुसत नाही. आपण जी व्यवस्था मागतोय ती आपल्या गटात आधी दिसली पाहिजे, म्हणून आमच्याकडे अध्यक्ष दर तीन महिन्यांनी बदलतो आणि निर्णय मतदानाने होतात.

पैसे गोळा करू नका. चहा ज्याच्या ओट्यावर बैठक त्याचा.

हे बाहेरून आलेलं नाही हे दाखवा

"हे परदेशी खूळ आहे" हा आक्षेप येणारच, आणि खान्देशच्या माणसाकडे याचं उत्तर इतकं भक्कम आहे की मला दरवेळी ते सांगताना आनंद होतो. जय जगत म्हणणारे विनोबा १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये होते, तिथे त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनी, म्हणजे आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांनी. खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन १९३६ ला फैजपूरला झालं, अध्यक्ष नेहरू, आणि हेच नेहरू पुढे जागतिक संघराज्याची भाषा उघड बोलायचे. आणि ८ ऑगस्ट १९४२ चा 'भारत छोडो' ठराव आपण शाळेत शिकलो, पण त्याच ठरावात स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याची मागणी आहे आणि स्वतंत्र भारत त्यात आनंदाने सामील होईल असंही म्हटलंय हे शाळेत कोणी सांगितलं नाही. ठरावाची प्रत काढा, बैठकीत मोठ्याने वाचा. आमच्याकडे एक ऐंशी वर्षांचे आबा होते, त्यांनी तो परिच्छेद परत वाचायला लावला.

आक्षेप आले की पळू नका

सगळ्यात अवघड प्रश्न मला धडगावकडच्या एका कार्यकर्त्या भाऊंनी विचारला. ते म्हणाले, वर मोठं सरकार असलं की न्याय मिळतो हे आम्हाला नको सांगू. नर्मदेचा लवाद १९६९ ला बसला, १९७९ ला निवाडा आला, चार राज्यांनी आपापसात पाणी आणि वीज वाटून घेतली, आणि धरणाच्या पाण्यात बुडालं कोण? मणिबेली. सातपुड्यातली आमची गावं. त्या लवादापुढे राज्यं पक्षकार होती, आदिवासी नव्हते.

यावर माझ्याकडे तेव्हा तयार उत्तर नव्हतं, आणि तुम्हीही गुळगुळीत उत्तर देऊ नका. नंतर विचार करून मला वाटलं की त्यांचा मुद्दा आपल्या बाजूचाच आहे. जिथे फक्त सरकारं बसून वाटाघाटी करतात तिथे माणूस बुडतो. युनो आज तशीच आहे. म्हणून आपली मागणी नुसत्या वरच्या सत्तेची असून भागत नाही, लोकांनी थेट निवडलेली संसद, एका माणसालाही दाद मागता येईल असं कोर्ट, आणि जे खाली होऊ शकतं ते वर जाणार नाही असा लेखी नियम, हे तिन्ही एकत्र मागायचं. १९४७ ला स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला जगभरचे संघराज्यवादी जमले तेव्हाच्या जाहीरनाम्यातही हे होतं की जागतिक कायदा थेट व्यक्तीला लागू व्हावा. ते भाऊ आता आमच्या बैठकीला येतात. पटलंय असं अजून म्हणत नाहीत, पण येतात.

ग्रामसभेत ठराव

गावाने असा ठराव करून काय होतं? ऐका. फ्रान्समधल्या काओर शहराने १९४९ मध्ये स्वतःला जागतिक भूमी म्हणून जाहीर केलं, आणि मग आजूबाजूच्या शेकडो गावांनी तेच केलं. जपानमध्ये आयाबे शहराने १९५० मध्ये जागतिक संघराज्याचा ठराव केला, देशातलं पहिलं शहर, त्यानंतर हिरोशिमासकट कितीतरी शहरं आली. त्यांनी देश सोडला नाही, कर बुडवला नाही, फक्त आपलं मत रेकॉर्डवर आणलं.

रीत अशी. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. २ ऑक्टोबर धरा, त्या दिवशी वातावरण अनुकूल असतं. किमान पंधरा दिवस आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांच्या नावे लेखी अर्ज द्या, विषयपत्रिकेवर विषय घ्यावा म्हणून, खाली जमतील तेवढ्या सह्या, आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोच न घेता आमचा पहिला अर्ज कुठे गेला ते कळलंच नाही. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवा आणि त्यातली एक बाई असू द्या. "हा आपला विषय नाही" असं म्हटलं तर संविधानाचं कलम ५१ पुढे करा, आंतरराष्ट्रीय शांतता आणि कायद्याचा आदर वाढवायला राज्याने प्रयत्न करावा असं ते सांगतं.

मसुदा लहान ठेवा, आमचा असा होता:

"ही ग्रामसभा मानते की युद्ध, अण्वस्त्रं आणि हवामान बदल हे प्रश्न एकट्या देशाच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. ते सोडवण्यासाठी जगातल्या लोकांनी निवडलेली, संविधानाने बांधलेली आणि मर्यादित अधिकारांची जागतिक संसद असावी. गावाचे, राज्याचे व देशाचे अधिकार त्यांच्याकडेच राहावेत. भारत सरकारने यासाठी संयुक्त राष्ट्रांत पुढाकार घ्यावा अशी विनंती ही ग्रामसभा करते."

मंजूर झालं तर इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. नामंजूर झालं तर किती हात वर आले ते मोजून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतं.

शाळेत एक तास

हेडमास्तरांची परवानगी घेऊन नववी-दहावीच्या पोरांना एक गणित द्या. जागतिक संसदेत लोकसंख्येप्रमाणे जागा दिल्या तर भारताला तुवालूच्या सव्वा लाख पट जागा, मग लहान देश येतील का? प्रत्येक देशाला एक जागा दिली तर आपण का जावं? मग लोकसंख्येचं वर्गमूळ काढून जागा वाटून बघा, फरक साधारण साडेतीनशे पटीवर येतो. पोरं भांडतात, फळ्यावर नवे नवे फॉर्म्युले लिहितात. युरोपच्या संसदेत असाच मधला मार्ग आहे, ७२० जागांत जर्मनीला ९६ आणि इवल्याशा माल्टाला ६. तीही संसद आधी नेमलेल्या लोकांची होती, थेट निवडणूक १९७९ पासून.

खासदारांना पत्र

जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, चारच मतदारसंघ आहेत, आपला कोणता ते माहीतच असतं. ठरावाची नक्कल जोडा आणि नेमकं मागा. एक, युनोच्या सनदेच्या कलम २२ खाली आमसभा नवी उपसंस्था काढू शकते, त्यातून खासदारांची सल्लागार सभा सुरू करता येते, त्यासाठी जगभर २००७ पासून मोहीम चालू आहे, तिला पाठिंबा द्या. दोन, कलम १०९ खाली सनदेच्या फेरविचाराची परिषद बोलवायला भारताने आवाज उठवावा. त्याला आमसभेचे दोन तृतीयांश म्हणजे १२९ देश आणि सुरक्षा परिषदेतले कोणतेही नऊ लागतात, तिथे व्हेटो चालत नाही. बदल लागू व्हायला मात्र पाचही बड्यांची मान्यता लागते हे लपवू नका. पण १९६३ मध्ये सुरक्षा परिषद ११ वरून १५ करायचं ठरलं तेव्हा पाचातल्या चौघांनी बाजूने मत दिलं नव्हतं, आणि तरी १९६५ पर्यंत पाचांनीही सही केली. हे पत्रात जरूर लिहा.

एक सावधगिरी. 'जागतिक नागरिक' म्हणून कार्ड, पदवी, पासपोर्ट देतो असं सांगून कोणी पैसे मागायला आलं तर देऊ नका. गॅरी डेव्हिस नावाच्या अमेरिकन वैमानिकाने १९४८ ला पॅरिसमध्ये आपलं नागरिकत्व सोडलं आणि पुढे जागतिक पासपोर्ट काढला, त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे, पण त्या पासपोर्टच्या भरवशावर तिकीट काढू नका, व्हिसाच्या रांगेत अडकाल.

वर्षाचं गणित

वेचणीच्या दिवसात बैठक ठेवू नका, कोणी येत नाही आणि येऊही नये. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या सणाला, सुरतला गेलेली आपली माणसं घरी येतात, लूमवर आणि मार्केटात काम करणारी, त्यांच्यासोबत एक बैठक नक्की घ्या, पोटासाठी सीमा ओलांडणं म्हणजे काय ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की एक दुपार फक्त बायकांची, गडी माणसांनी तिथे बसायचं नाही. आमच्याकडे गेल्या आखाजीला तीस-पस्तीस जणी होत्या. ग्रामसभेच्या ठरावात पुढच्या वेळी पाण्याचं वाक्य पाहिजे असं त्यांनी ठरवलंय, मसुदा त्याच लिहितायत.