जागेपणातून थेट स्वप्नात: साखरझोपेतली वाट

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना रोज पहाटे चारच्या सुमाराला उठायची. तिला पाजून, थोपटून पुन्हा निजवेपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं जायची, मग मी आडवी व्हायचे. अशाच एका पहाटे मी डोळे मिटून तिचा श्वास ऐकत पडले होते. मिटल्या डोळ्यांपुढच्या अंधारात एक जिना दिसायला लागला. दगडी, मधोमध झिजलेल्या पायऱ्यांचा. मी तो नुसता बघत राहिले आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की आता मी जिना बघत नाहीये, त्यावर उभी आहे. तळपायांना दगडाचा गारवा लागत होता. मुलीचा श्वास अजून कुठून तरी ऐकू येत होता. माझं अंग पलंगावर आहे, मला झोप लागली आहे आणि हे स्वप्न आहे, हे सगळं मला एकाच वेळी माहीत होतं.

स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' असं कळणं म्हणजे ल्युसिड ड्रीम. हे नाव रूढ केलं ते फ्रेडरिक व्हॅन एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने, 1913 साली. बहुतेकांना हे भान स्वप्नाच्या मध्येच कधीतरी येतं. मला आलेला अनुभव त्याचा दुसरा प्रकार होता. त्यात भान मध्ये कुठेच तुटत नाही, जागेपणाचा धागा हातात ठेवूनच माणूस आत जातो. या प्रकाराला वाइल्ड म्हणतात, म्हणजे 'वेक इनिशिएटेड ल्युसिड ड्रीम'. तो अवघड समजला जातो. मला वाटतं, तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जोराने केला जातो म्हणून अवघड होतो.

आधी वेळ

मराठीत साखरझोप हा शब्द आहे, आणि या तंत्राची निम्मी गुरुकिल्ली त्यात आहे. आपली झोप साधारण 90 मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. रात्रीच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये गाढ झोप जास्त असते. ठसठशीत स्वप्नं ज्या झोपेत पडतात ती रेम झोप सुरुवातीला जेमतेम दहा मिनिटांची असते, पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणून रात्री अकराला अंथरुणाला पाठ टेकून 'आता थेट स्वप्नात जायचं' म्हटलं, तर वाटेत गाढ झोपेचा डोंगर आडवा येतो आणि भान तिथेच बुडतं. मुलगी रात्रभर सलग झोपायला लागल्यावर मी नेमकं हेच करत होते. तीन महिने, रोज रात्री. हाती आली फक्त अपुरी झोप. मग आठवलं की तो जिना पहाटे दिसला होता, पाच तासांची झोप झाल्यावर, अर्धा तास जागून.

तर, झोप लागल्यापासून साडेचार ते सहा तासांनी उठा. गजर हळू आवाजाचा ठेवा. उठल्यावर दिवा मंद, फोन लांब. मी पाण्याचा एक घोट घेते, बाथरूमला जाऊन येते आणि आधीचं स्वप्न वहीत दोन ओळींत उतरवते. वीस-तीस मिनिटं पुरतात, पण हा आकडा ज्याचा त्याने ठरवायचा. उशीवर डोकं टेकताच डोळा लागत असेल तर चाळीस मिनिटं जागा. उलट झोपच उडून जात असेल तर दहा मिनिटांत परत आडवे व्हा. आणि हे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा करा, तेही दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपता येणार असेल तेव्हाच. सहा तासांची झोपसुद्धा ज्यांना मिळत नाही त्यांनी आधी ती पुरी करावी. थकलेला मेंदू पहिली गाढ झोप मागतो, स्वप्नाची पाळी नंतर येते.

सकाळी लवकर उठणं झालं असेल तर त्यानंतरची डुलकीही चांगली. राहून गेलेली पहाटेची रेम झोप त्या डुलकीत लवकर येते.

बाळ झोपतंय का ते बघताना

आता अंग. उताणं किंवा कुशीवर, दोन्ही चालतं. नेहमीच्या कुशीवर लगेच झोप लागत असेल तर उताणे राहा, उताणं झोपच येत नसेल तर कुशीवर वळा. मी उजव्या कुशीवर, पाठीशी एक उशी घेऊन, अर्धवट कलती पडते. मग पायाच्या बोटांपासून वर येत एकेक भाग सोडून देते. जबडा आणि जीभ विसरू नका. जीभ टाळूला दाबून धरलेली असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

इथे एक गैरसमज खोडून काढायचा आहे, कारण त्यापायी बरीच माणसं रडकुंडीला येतात. 'अजिबात हलायचं नाही, गिळायचंही नाही, वीस मिनिटांत शरीर झोपतं आणि मन जागं राहतं' असं सांगितलं जातं. शरीर असं फसत नाही. टक्क जागा असलेला माणूस दोन तास पुतळ्यासारखा पडला तरी स्वप्न सुरू होत नाही. झोप यायलाच हवी. म्हणून खाज आली तर खाजवा, गिळावंसं वाटलं तर गिळा, कूस बदलायची तर बदला आणि पुन्हा निवांत व्हा. झोपेला वाट देणं हेच पहिलं काम आहे.

दुसरं काम म्हणजे धागा. लक्ष एका बारीकशा गोष्टीवर ठेवायचं, म्हणजे बाकी सगळं विझलं तरी तेवढं उरतं. काहींना मोजणं जमतं: 'एक, मी स्वप्नात आहे, दोन, मी स्वप्नात आहे'. मोजताना आकडे गळू लागले, सत्तावीसनंतर एकदम एकोणीस आला, की झोप जवळ आल्याचं समजा आणि आहात तिथून पुढे मोजा. काहींना श्वास पुरतो. ज्यांचा धागा दर वेळी तुटतो त्यांनी कोपर गादीवर टेकवून हात मनगटापर्यंत उभा ठेवावा. डोळा लागला की स्नायू ढिले पडतात, हात खाली येतो आणि त्या धक्क्याने क्षणभर भान परततं. पाच-सहा वेळा असं झालं की झोप लागण्याचा नेमका क्षण ओळखीचा होतो.

लक्ष किती ठेवायचं हे मात्र शब्दांत सांगणं कठीण आहे, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. मला ते मुलीमुळे समजलं. बाळाला थोपटताना ते झोपलं का हे आपल्याला कळायला हवं असतं, पण आपण त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं की ते डोळे उघडतं. म्हणून आपण मान दुसरीकडे वळवतो, हात चालू ठेवतो आणि त्याच्या अंगाचं जड होणं हातालाच कळू देतो. स्वतःच्या झोपेकडे तसंच बघायचं. आता झोपही आपली आणि थोपटणारा हातही आपलाच.

उंबऱ्यावर

मग डोळ्यांपुढे काही ना काही सुरू होतं. आधी ठिपके, रंगांचे ढग, जाळ्या. नंतर तुकडे: एखादा चेहरा, चालत्या गाडीच्या खिडकीतून दिसावा तसा रस्ता, कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारल्याचा भास, अर्ध्यातच संपलेलं वाक्य. अंग जड होतं किंवा हलकं होतं, मुंग्या येतात, कानात घूं असा आवाज भरतो, कधी पडल्यासारखं होऊन पाय झटकला जातो. यातलं काहीच दिसलं-जाणवलं नाही तरी बिघडत नाही, काही जण शांतपणे थेट पोचतात. पहिल्या चित्रावर झडप घालू नका. ते लगेच विरतं आणि तुम्ही पुन्हा टक्क जागे होता. तीन-चार चित्रं येऊन जाऊ द्या. चित्राला खोली आली, त्यातली एखादी वस्तू दुसरीच्या मागे दिसू लागली, की तिथे थांबा.

आत पाऊल टाकण्याची माझी रीत झोपाळ्याची आहे. मी कल्पना करते की मी झोपाळ्यावर बसले आहे. पुढे जाताना पोटात खड्डा, मागे येताना मांड्यांवर भार. सुरुवातीला झोका मीच देत असते, प्रत्येक वेळी आठवून आठवून द्यावा लागतो. मध्येच मी विसरते, परत देते. आणि एका झोक्याला माझी काहीच मेहनत नसते. झोपाळा आपोआप पुढे जातो, माझ्या कल्पनेपेक्षा उंच, आणि केसांत वारा येतो. कड्यांची कुरकुर ऐकू येते, जी मी कल्पिलीच नव्हती. इथे आनंदाने उसळी घ्यावीशी वाटते, ती घ्यायची नाही. आणखी तीन-चार झोके बसून राहायचं आणि मग पाय जमिनीला लावायचे. पायाखाली जे लागतं तीच स्वप्नाची जमीन. एकदा ओली वाळू होती, एकदा लाकडी फळ्या. दोरीवर चढणं, जिना उतरणं, पोहणं, काहीही चालेल. हालचाल अंगाला ओळखीची आणि एका तालातली हवी.

भीती वाटली तर

रेम झोपेत मेंदू हातापायांच्या स्नायूंना थांबवून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं धावणं अंथरुणातच धावलो असतो. उंबऱ्यावर भान असेल तर ही जखड जाणवू शकते. हेच स्लीप पॅरालिसिस: अंग हलत नाही, छातीवर ओझं वाटतं, खोलीत कुणीतरी असल्याची खात्री वाटते. मला पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओरडायचा प्रयत्न केला, आवाज फुटेना, आणि पुढचे दोन आठवडे मी सरावाचं नाव काढलं नाही. माहिती असती तर एवढी घाबरले नसते. श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे छातीखालचा पडदा, या जखडीतून सुटलेला असतो, त्यामुळे श्वास चालूच राहतो. डोळेही सुटलेले असतात. बाहेर यायचं असेल तर श्वास सोडण्यावर लक्ष ठेवा, डोळे डावी-उजवीकडे फिरवा, पायाचं एकच बोट हलवायचा प्रयत्न करा. काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत ते सुटतं. पुढे जायचं असेल तर काहीच करू नका, झोका सुरू करा.

डोळ्यांच्या याच मोकळीकीमुळे ल्युसिड ड्रीम प्रयोगशाळेत सिद्ध झालं. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी रेम झोपेत असलेल्या ॲलन वर्स्ली यांच्या डोळ्यांची, आधीच ठरवलेली डावी-उजवी हालचाल यंत्रावर टिपली. झोपलेल्या माणसाने स्वप्नातून दिलेली ती खूण होती. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं.

ज्यांना भास-भ्रमांचा मानसिक आजार, नार्कोलेप्सी (दिवसा झोप अनावर होण्याचा आजार) किंवा जुनाट निद्रानाश आहे त्यांनी हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. स्वप्नं ठळक व्हावीत म्हणून काही जण स्मृतिभ्रंशावरची गोळी घेतात. तसलं काही करू नका.

आत गेल्यावर

पहिला धोका: तुम्ही आत पोचलेले असता आणि तुम्हाला वाटतं की जमलं नाही, उठावं. मी एकदा अशीच उठले, मुलीच्या खोलीत गेले. तिने मला चादर कुठे ठेवली ते विचारलं, मी सांगितलं, आणि परत येऊन झोपले. सकाळी जाग आल्यावर लक्षात आलं की ती तेव्हा बोलायलाही लागली नव्हती. तेव्हापासून या सरावात उठले की दर वेळी मी तोंड मिटून, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघते. जागेपणी श्वास अडतो. स्वप्नात तो बंद नाकातून सहज येतो, आणि त्या क्षणी अंगावर काटा येतो.

आत गेल्याची खात्री पटली की उडायला धावू नका. तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, जवळची एखादी वस्तू बघा, पण एकाच ठिकाणी नजर रोखून धरू नका. स्वप्न फिकं पडू लागलं की पुन्हा हात चोळा. स्पर्श चालू असेपर्यंत स्वप्न सहसा टिकून राहतं.

आणि ते तुटलंच, तर डोळे उघडू नका, हलू नका. हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे. रेम झोप अजून संपलेली नसते, त्यामुळे पंधरा-वीस सेकंदांत पुन्हा आत जाता येतं. जिथून बाहेर आलात ती जागा आठवा, तिथला स्पर्श आठवा, एक-दोन झोके द्या. गजराशिवाय सहज जाग येते तेव्हाही हेच करून बघा. नव्या माणसाला मी आधी हेच शिकायला सांगेन, मोजणं-बिजणं नंतर.

वही मात्र ठेवाच, जमलं नाही त्या दिवसांचीही. धागा कुठे तुटला हे लिहिल्यावरच कळतं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: '4:10 ला उठले. 4:35 ला आडवी, उजवी कूस. ठिपके लवकर आले. चेहऱ्यावर लक्ष रोखलं, जाग आली. पुन्हा झोका. विसाव्याच्या आसपास आपोआप हलला. पाय लावले, खाली गवत, दव पडलेलं. हात चोळले. तिला शोधायला निघाले, कुंपणापाशी स्वप्न तुटलं. हलले नाही. परत गवत.'