हरिकेन येतंय: निघायचं की थांबायचं?

फ्लोरिडातल्या टँपा परिसरात नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा हरिकेनबद्दल, म्हणजे इथल्या चक्रीवादळाबद्दल, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅटेगरी किती?" विचारायला हरकत नाही, पण घर सोडायचं की नाही हे त्यावर ठरत नाही. कॅटेगरी सांगते फक्त वाऱ्याचा वेग. ताशी ७४ मैलांना एक, १११ ला तीन, १५७ ला पाच. दारात पाणी किती चढेल हे त्या आकड्यात कुठेच नसतं, आणि माणसं जातात ती बहुतेक पाण्याने. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी जवळजवळ नव्वद टक्के पाण्याचे होते. एकूण बळींपैकी निम्मे तर समुद्राचं पाणी जमिनीवर घुसल्याने, ज्याला इथे स्टॉर्म सर्ज म्हणतात, त्याने गेले. म्हणून इथले आपत्ती व्यवस्थापनवाले वर्षानुवर्षं एकच वाक्य घोकून घेतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा.

तेव्हा यादीतलं पहिलं काम वादळ यायच्या कितीतरी आधीचं. मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. जूनच्या पहिल्या आठवड्यात काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) संकेतस्थळावर आपला पत्ता टाकून इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडायला सांगताना वापरतात तो विभाग, बघायचा. ए, बी, सी असं एक अक्षर मिळतं. ए सगळ्यात आधी रिकामा करतात. इथे हमखास घोटाळा होतो तो फ्लड झोनचा. घर घेताना कर्ज आणि विम्याच्या कागदांत जे एई, व्हीई, एक्स असं लिहिलेलं असतं, ते वेगळं. तो नकाशा विम्यासाठी, हा जिवासाठी. एक्स म्हणजे विम्याच्या हिशेबाने पुराचा धोका कमी, म्हणून "आमचं घर एक्समध्ये आहे, आम्हाला कसली भीती?" हे दरवर्षी कानावर येतं. फ्लड झोन एक्स असलेलं घर इव्हॅक्युएशनच्या ए किंवा बी झोनमध्ये खुशाल असू शकतं. मिळालेलं अक्षर फ्रीजवर चिकटवा आणि दर जूनमध्ये पुन्हा तपासा, कारण नकाशे बदलतात. अक्षर मिळालंच नाही, तर तुमचं घर सर्जच्या टप्प्याबाहेर आहे असं धरायचं.

आता निर्णय. तुमच्या अक्षराला घर सोडायची ऑर्डर आली की निघायचं, त्यात घरच्यांचं मत घेत बसू नका. अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर असलं तरी निघायचं. पाणी वर येणार नाही, पण खाली गाडी बुडेल, लिफ्ट बंद, वीज नाही, संडास तुंबलेले आणि मदतीला कोणी पोचू शकत नाही. मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहत असाल तर अक्षर कुठलंही असो, किंवा नसो, बाहेर पडायचं. उलट घर किनाऱ्यापासून आत, न्यू टँपात किंवा वेस्ली चॅपेलमध्ये आहे, झोनच्या बाहेर आहे, नदीकाठी नाही, काँक्रीट ब्लॉकचं आणि २००२ नंतरचं आहे (अँड्र्यू वादळाने १९९२ मध्ये दक्षिण फ्लोरिडा झोडपल्यावर झालेले कडक बांधकाम नियम त्या वर्षी राज्यभर लागू झाले), तर घरीच थांबा. आपली बरीचशी मंडळी अशाच वसाहतींत राहतात आणि तरीही टीव्ही बघून घाबरून आय-७५ महामार्गावर गाड्या काढतात. त्या गर्दीत समुद्राकाठचे, ज्यांना खरोखर निघायचंय ते, अडकतात. हे मला सरळ चुकीचं वाटतं.

मधली प्रकरणं अवघड. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा डायलिसिसवर असलेलं माणूस आहे, दिवस भरत आलेली बाई आहे, छपरावर ओकचं जुनं झाड झुकलंय, किंवा साध्या पावसातही गल्लीत पाणी साचतं. अशा घरांनी ऑर्डरची वाट बघू नये. वीज आठवडाभर गेली तर काय, हा प्रश्न स्वतःला विचारून ठरवावं. काउंटीची स्पेशल नीड्स शेल्टर असतात, तिथे विजेची आणि नर्सची सोय असते, पण नाव आधी नोंदवावं लागतं.

"मागच्या वेळी काही झालं नाही" हा आधार किती पोकळ आहे ते २०२४ ने दाखवलं. २६ सप्टेंबरला हेलीन वादळ टँपापासून शंभराहून जास्त मैल दूर समुद्रातून वर उत्तरेला, बिग बेंडच्या किनाऱ्याकडे गेलं. इथे वारा फारसा नव्हता, पण खाडीचं पाणी पूर्वीचे विक्रम मोडून सहा फुटांच्या वर चढलं आणि पिनेलास काउंटीत माणसं स्वतःच्या घरात बुडाली. दोन आठवड्यांनी, ऐन नवरात्रात, ९ ऑक्टोबरला मिल्टन थेट अंगावर आलं. पण ते खाडीच्या दक्षिणेला सिएस्टा की इथे धडकलं, त्यामुळे वाऱ्याने खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं. मात्र सेंट पीटर्सबर्गमध्ये सुमारे १८ इंच पाऊस कोसळला, आणि झोनच्या बाहेरच्या, कधी ओल न पाहिलेल्या घरांत पाणी शिरलं. पार पलीकडच्या, पूर्व किनाऱ्यावर त्याच दिवशी टॉर्नेडोंनी बळी घेतले.

वादळाची वाट दाखवणारा टीव्हीवरचा तो पांढरा शंकू, ज्याला इंग्रजीत 'कोन' म्हणतात, म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचा मध्यबिंदू साधारण तीनातल्या दोन वेळा त्या पट्ट्यात राहतो, इतकाच त्याचा अर्थ. तिसऱ्या वेळी तो बाहेर जातो, आणि पाणी-पाऊस तर पट्ट्याच्या कितीतरी बाहेर पोचतात. २०२२ मध्ये इयनच्या वेळी सगळे डोळे टँपाकडे लागले होते. ते २८ सप्टेंबरला धडकलं खाली ली काउंटीत, कायो कोस्टाला. तिथे निघण्याची ऑर्डर आदल्या दिवशी सकाळी निघाली होती. तेव्हा मधली रेघ बघू नका. नॅशनल हरिकेन सेंटरचं बुलेटिन सकाळी आणि संध्याकाळी ५ आणि ११ वाजता येतं, इशारे लागू झाले की मध्येही येतं. त्यातला सर्जचा नकाशा आणि 'वाऱ्याची सुरुवात केव्हा' हा नकाशा, हे दोनच नीट वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रंगीत स्पॅगेटी मॉडेल, म्हणजे वादळाच्या संभाव्य वाटांच्या रेघांचा गुंता, पुतण्याला पाठवायला ठीक.

वेळ उलटी मोजायची असते. हरिकेन वॉच (वादळ येऊ शकतं) लागतं साधारण ४८ तास आधी, वॉर्निंग (वादळ येणार असं धरा) ३६ तास आधी. पण कशाच्या आधी? डोळा येण्याच्या नव्हे, ताशी ३९ मैलांचे वारे सुरू होण्याच्या. म्हणजे रस्त्यावर असण्याची शेवटची घटका तीच. वारा चाळिशीच्या आसपास गेला की स्कायवे पूल बंद होतो, खाडीवरच्या बाकीच्या पुलांचाही भरवसा राहत नाही, आणि अँब्युलन्स, अग्निशमन दल बाहेर पडायचं थांबवतात. ९११ वर फोन उचलला जाईल, माणूस येणार नाही. पिनेलासमध्ये राहणाऱ्यांनी हा हिशेब जास्त कडक ठेवावा, कारण ते जवळजवळ सगळ्या बाजूंनी पाण्यात आहेत. ऑर्डर आली की रात्रीच सामान भरून झोपा आणि पहाटे चारला निघा.

जायचं किती लांब? लोक इथे चुकतात. अटलांटाचे मित्र प्रेमाने बोलावतात, पण एरवी सात तासांचा रस्ता अशा वेळी दुप्पट होतो. २००५ मध्ये कॅटरिना नुकतंच होऊन गेलेलं, त्या धसक्याने रिटाच्या आधी ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकदम निघाले. महामार्ग शंभर मैल तुंबले, उन्हात गाड्या बंद पडल्या, वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी बस डॅलसजवळ पेटून २३ जण गेले. वादळापेक्षा पलायनातच जास्त माणसं दगावली. तुम्हाला पाण्यापासून दूर जायचंय, राज्याबाहेर नाही. वीस-तीस मैल आत, उंचावरचं, पक्कं घर पुरतं. असं घर कोणाचं, हे जूनमध्येच तोंड उघडून विचारा: "आम्ही चौघं, आई-बाबा आणि कुत्रा, चालेल का?" आणि तुमचं घर आत असेल तर मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही आपणहून सांगा की दोन खोल्या मोकळ्या आहेत. पाण्याकाठच्या माणसाला मागायला संकोच वाटतो आणि त्यात अर्धा दिवस जातो. कोणीच नसेल तर शाळांमधली शेल्टर आहेत. अंथरूण-पांघरूण आपलं न्यावं लागतं, शाकाहारी जेवणाची अपेक्षा ठेवू नये.

भारतातून आलेले आई-बाबा घरात असतील तर त्यांची पिशवी वेगळी. त्यांच्या गोळ्या इथल्या दुकानात मिळत नाहीत, तेव्हा सगळ्या स्ट्रिप, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्म्याची दुसरी जोडी, पासपोर्ट, प्रवासविम्याचा कागद. ज्यांची औषधं इथली आहेत त्यांनी लक्षात ठेवावं: हरिकेन वॉर्निंग किंवा आणीबाणी लागू झाली की फ्लोरिडाच्या कायद्याने ३० दिवसांची औषधं मुदतीआधी घेता येतात. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की काय होणार आहे. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी २०२० मध्ये रायगडात पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या त्यांनी पाहिल्या असतील, तर त्यांना वाऱ्याची भीती जास्त आणि पाण्याची कमी वाटते. शिवाय मराठी वाहिन्यांवर तेच उपग्रहचित्र दिवसभर फिरतं आणि सगळ्या मावश्यांचे फोन सुरू होतात. एका भावाला नेमा, तो सगळ्यांना कळवेल. तुमच्या फोनची बॅटरी वाचेल.

कागदांत पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा-अर्जाच्या मंजुरीचा कागद), आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) ची प्रत, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा दाखला, लग्नाचा आणि मुलांचे जन्मदाखले, घराचा आणि गाडीचा विमा. झिपलॉकमध्ये घालून पाठीवरच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत नव्हे. निघण्याआधी फोनवर घरभर फिरून व्हिडिओ काढा, कपाटं उघडून. पुराचा विमा घरविम्यात नसतो, वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी पॉलिसी लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. वादळाला नाव पडल्यावर फोन करून उपयोग नाही. गाडीची टाकी मोसमभर अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्ज करून उंचावर, घराला न चिकटता उभी करा. खाऱ्या पाण्यात बुडलेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात. इयन आणि हेलीन, दोन्हींनंतर हे झालंय.

स्वयंपाकघराकडे जरा थांबतो. इथल्या बहुतेक शेगड्या विजेच्या, म्हणजे वीज गेली की चहासुद्धा नाही. ब्युटेनची छोटी शेगडी घेतली तर ती अंगणातच पेटवायची. माणशी रोज एक गॅलन पाणी, निदान तीन दिवसांचं, जमलं तर सात. दुकानातल्या बाटल्या संपल्या म्हणून रडायचं कारण नाही, नळाचं पाणी आधीच पातेली, कुकर, हंडे, मिळेल त्यात भरून ठेवायचं; बाथटब भरायचा तो संडासासाठी. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सातूचं पीठ आणि गूळ. मोसमाचं टोक १० सप्टेंबरच्या आसपास, पाठोपाठ नवरात्र, तेव्हा उपास करणाऱ्यांसाठी राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर. इडलीचं पीठ आधी संपवा, नाहीतर बंद फ्रीजमध्ये ते फुगून सांडतं. न उघडलेला फ्रीज चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या पिशव्या गोठवा. निघून जाणार असाल तर एका कपात पाणी गोठवून त्या बर्फावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय. खोबऱ्याचा कीस, मटार, सगळं फेका.

गणपती बसलेले असताना वादळ आलं तर? २०१७ मध्ये गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वी टेक्ससमध्ये रॉकपोर्टला धडकलं. "बाप्पा घरात आहेत, कसं सोडू?" म्हणून थांबू नका. उत्तरपूजा करा, बादलीत विसर्जन करा, निघा. दीड दिवसाचाही गणपती असतोच की.

थांबणाऱ्यांनी खिडक्यांना शटर किंवा प्लायवूड लावावं. काचेवर टेपची फुली मारून काही होत नाही. गॅरेजचं दार हा घराचा सगळ्यात कच्चा भाग, ते वाऱ्याला टिकणारं आहे का हे आधी बघून घ्या. अंगणातल्या खुर्च्या आणि तुळशीची कुंडी आत. खिडकी नसलेली आतली खोली ठरवा, मुलांची सायकल हेल्मेटं तिथेच ठेवा, टॉर्नेडोची सूचना आली की घालायला. मेणबत्त्या नकोत. जनरेटर घरापासून वीस फूट दूर, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. वादळ गेल्यावर कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात ती याच आळसापायी. मध्येच एकदम शांत झालं तर तो डोळा असू शकतो; बाहेर पडू नका, उलट्या दिशेचा वारा यायचाय.

परतायची घाई करू नका. किनाऱ्याकडच्या भागात पोलीस पत्त्याचं ओळखपत्र बघूनच आत सोडतात, सिग्नल बंद असतात, तारा पाण्यात पडलेल्या असतात. साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका. घरात पाणी शिरलं असेल तर भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो काढा, प्रत्येक खोलीत. बुरशी एक-दोन दिवसांत धरते, त्यामुळे विम्याचा माणूस येईपर्यंत ओला गालिचा ठेवून चालत नाही; फोटो काढून तो बाहेर टाका आणि एक तुकडा कापून पिशवीत बांधून ठेवा, त्याला दाखवायला.