पिकपवर कॅम्पर टाकायचाय? आधी काट्यावर या

आमच्याकडे कॅम्पर म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात, एक ती बोलेरो कॅम्पर जिच्यात पुढे माणसं आणि मागे केळीची खोडं, आणि दुसरा लग्नातला गार पाण्याचा कॅम्पर, त्यामुळे घरी मी पिकपवर कॅम्पर बसवायचाय म्हटलं तर वडिलांनी विचारलं, किती लिटरचा. तर हा तिसरा कॅम्पर, म्हणजे पिकपच्या हौद्यावर ठेवायची झोपायची पेटी नाहीतर तंबू, घेऊन सातपुड्यात हिंडायचं असेल तर काय काय बघून ठेवायचं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे बहुतेक जण आधी गाडी बुक करतात आणि मग तिच्यावर काय बसेल ते शोधत बसतात. उलटं करा भो. आधी जायचं कुठं ते ठरवा, म्हणजे शहाद्यावरून सातपायरी घाट चढून तोरणमाळ करायचं तर रस्ता डांबरीच आहे, तिथं फोर बाय फोरचं कौतुक फक्त फोटोपुरतं. पण पालच्या बाजूला नाहीतर धडगाव-मोलगीकडे कच्च्या वाटांवर शिरायचं असेल तर गाडी अरुंद, हलकी आणि मागून कमी लोंबणारी पाहिजे. मागे पेटी बाहेर आली की नाल्यातून वर चढताना आधी तीच जमिनीला घासते, चाकं नंतर.

मग वजन. इथंच सगळ्यांचं गणित चुकतं. टोयोटाची हायलक्स, इसुझूची व्ही-क्रॉस दिसायला दांडग्या, लांबी सव्वापाच मीटरच्या वर, हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन २०४ पीएस देतं, पण उचलायची हद्द अर्ध्या टनाच्याही आत. त्या मानानं साधी बोलेरो कॅम्पर १ टन वाहते, फोर व्हील ड्राइव्हमध्येही येते, फक्त आमच्याकडे दिसतात त्या बहुतेक पिवळ्या पाटीच्या, म्हणजे धंद्याच्या गाड्या, आणि रिकामी असली की मागचे स्प्रिंगचे पाटे असे उडवतात की झोपलेल्याची झोप सोडा, जेवलेलं पण वर येतं. आता हिशोब करा, दोन माणसं १४० किलो, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, छतावरचा तंबू ६० ते ७०, फ्रीज आणि बॅटरी ४०, गाद्या आणि भांडीकुंडी ४०, हत्यारं, जादा स्टेपनी, टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर धरून अजून ५०. झाले चारशे. अजून पोरं बसलेली नाहीत, आणि तुम्ही अमेरिकेतल्या व्हिडिओत बघून जी पत्र्याची पेटी ठरवलीय ती एकटीच चारशेच्या पुढं जाते.

म्हणून घ्यायच्या आधी मित्राची गाडी मागा, तेवढंच ओझं गोणीत भरून टाका आणि कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर न्या, काटा काय आपल्याकडे गावोगाव आहे. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, वजाबाकी केली की मागच्या एक्सलवर किती बसतंय ते कळतं, आणि ते गाडीवर कंपनीनं लावलेल्या वजनाच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. मी पाण्याची टाकी पार फाळक्याजवळ ठेवली होती, घाटात स्टिअरिंग हातात इतकं हलकं लागायला लागलं की भीती वाटली. टाकी केबिनला चिकटवून खाली ठेवली आणि बरं झालं.

पेटी का तंबू? माझं मत, खान्देशात पत्र्याची बंद पेटी नको. मे महिन्यात जळगावला ४४-४५ डिग्री जातं, पत्रा रात्रीपर्यंत तापलेला राहतो, आत भरीत होतं माणसाचं. वर उचलायची कॅनव्हासची छपरी नाहीतर सरळ तंबू घ्या, चारी बाजूंनी जाळी. डबल केबिनचा हौदा दीडेक मीटरच असतो, त्यात पाय लांब करून झोपता येत नाही हे दुकानात उभ्या उभ्या लक्षात येत नाही, स्वतः आडवं होऊन बघा, दुकानदार हसला तर हसू द्या. उंचीही मोजून घ्या, मळ्याच्या वाटांवर विजेच्या तारा लोंबकळतात.

मागे ओढायचा ट्रेलर मी तरी नको म्हणेन, अरुंद वाटेवर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घेताना सगळं शिकलेलं विसरतं. आणि हौद्यावर वेल्डिंग करून पक्कं घर बांधायचं मनात असेल तर आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे बदल चालू देत नाही, आणि क्लेम करताना विमावाला तेच पुढे करतो.

टायर ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांचे घ्या, सातपुड्याचा काळा दगड टायरची बाजू कापतो. पण पावसाळ्यात काळ्या मातीत कुठलाच टायर कामाचा नाही, नक्षीत माती भरली की चाक गुळगुळीत होतं आणि फोर लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोराचा गिअर लावला तरी चारही चाकं जागेवर फिरतात. माझी अनेरच्या बाजूला अशीच रुतली होती, ट्रॅक्टरवाला आला, गाडी बघितली आणि म्हणे, "काब्र टाकी रे भो गाडी आठे?" म्हणजे इथं कशाला घातली गाडी. उत्तर नव्हतं. तेव्हा गाडी ओढायचा पट्टा, तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे डी शॅकल, फावडं, जॅकखाली ठेवायची फळी घ्याच, आणि शेवटच्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर लिहून घ्या, कारण पुढे रेंज जाते. पाऊसकाळात नदीच्या कोरड्या पात्रात मुक्काम अजिबात नाही, वर डोंगरात पडलेलं पाणी खाली आभाळ मोकळं, चांदणं असतानाही येतं. यावल अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायचीच नाही.

गॅसची छोटी टाकी बाहेर उघड्यावर ठेवा, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून पेटीत ठेवायचीच असेल तर तळाला भोक पाहिजे. बॅटरी लिथियमची १०० एएच १२-१३ किलोत येते, इन्व्हर्टरवाली उचलून बघा, कंबर सांगेल.

सगळं जमलं की लगेच डोंगरात जाऊ नका, एक रात्र स्वतःच्या मळ्यात झोपा, गाडी भरलेली, घर शंभर पावलांवर. सकाळी ज्याला हात लागला नाही ते सगळं उतरवा. आमच्या दोन घडीच्या खुर्च्या, एक टेबल आणि मोठा कुकर उतरला, खलबत्ता मात्र तसाच आहे, अडीच किलोचा, बायको म्हणाली ठेचा मिक्सरचा खायचा असेल तर घरीच बसा.