बोट कधी टोचायचं?

मधुमेहात घरच्या मीटरवर रक्तातली शुगर मोजायला बोट टोचण्याआधी स्वतःला विचारा, आकडा आल्यावर मी करणार काय? डोस, जेवण, चालणं यातलं काहीच बदलणार नसेल तर स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब लावायची मीटरची पट्टी, फुकट. माझी बहीण नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे मधुमेहाच्या गोळीवर आहे, तिला डॉक्टरांनी रोज तपासायला सांगितलेलं नाही. मी इन्सुलिनवर, त्यामुळे माझं गणित वेगळं.

सकाळी उठल्यावर, पोटात काही जायच्या आत तपासते. रात्रीच्या इन्सुलिनचा हिशेब त्यावरच लागतो. बऱ्याच जणांसाठी 80 ते 130 (mg/dL) ठीक. गरोदर बाईचं आणि वयस्कर माणसाचं लक्ष्य डॉक्टर वेगळं ठरवतात.

जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, ताट उचलल्यावर नाही. तेव्हा शुगर 180 च्या आत हवी. पण हा एकटा आकडा फसवतो. नंतर 175 आली, आणि जेवणाआधी 110 होती, तर जेवणाने 65 चढवले. आधीच 165 असेल तर जेवणाला कशाला दोष द्यायचा? म्हणून एखाद्या जेवणाचा छडा लावायचा असेल तर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा.

सकाळची शुगर सारखी चढीच येत असेल तर मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास एकदा बघा. कंटाळवाणं काम, मान्य. पण तेव्हा ती फार खाली गेलेली दिसली आणि तुम्ही मात्र सकाळचा आकडा बघून डोस वाढवत बसलात, तर पंचाईत. हे आकडे डॉक्टरांना दाखवा.

घाम, थरथर, धडधड, उगाच चिडचिड झाली की वेळ बघत बसू नका, लगेच तपासा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. मीटर जवळ नसेल तर आधी साखर, चौकशी नंतर. इन्सुलिनवर असाल तर गाडी चालवण्याआधीही तपासा. व्यायामाच्या आधी, नंतर आणि दमछाक झालेल्या दिवशी झोपतानाही; शुगर कित्येक तासांनी उतरू शकते.

तापात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नका. आजारपणात शुगर उलट चढते. तेव्हा दर चार तासांनी तपासा. 250 च्या वरच राहिली किंवा उलट्या सुरू झाल्या तर तडक डॉक्टर गाठा.

आणि अवाच्या सवा आकडा आला तर हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचा. बोटाला लागलेला फळाचा रससुद्धा मीटर इमानेइतबारे मोजतो.