लहान लग्नाची फुलं आणि केळीची खोली

आमच्याकडे आता साठ-सत्तर माणसांची लग्नं शेतातच, आंब्याखाली लागू लागली आहेत. झेंडूने भरलेलं स्टेज कोणी मागत नाही. फिक्या रंगांचा बोहला, टेबलांवर बुटके गुच्छ, मोगऱ्याची वरमाला, एवढंच. काम थोडं वाटतं, पण पाहुणा हातभर अंतरावर बसलेला असतो. मोठ्या मांडवात खपून जाणारी सुकली पाकळी इथे लपत नाही.

फुलसजावटीच्या कामात नव्याने उतरत असाल, तर मांडणी, रंगसंगती तुम्ही शिकलाच असाल. मी साठवणीचं सांगते, कारण माझं पहिलं काम तिथेच बुडालं.

आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं लग्न, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात. बाहेर ४४ अंश. कार्नेशन, जिप्सो (गुच्छात भरायची बारीक पांढरी फुलं), ऑर्किड रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून मागवलेले. ओळखीतल्या एकांचं केळीचं रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची गार बंद खोली होती, आत १७ अंश. बादल्या तिथे ठेवून मी निर्धास्त झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या, जिप्सो आक्रसलेला, ऑर्किडची फुलं गळून खाली. बादल्यांत पाणी मात्र तेवढंच. शिळा माल दिला म्हणून फुलवाल्याला फोनवर नाही नाही ते बोलले. शेवटी तिथले कामगार काका म्हणाले, "ताई, हिरवा घड इथं चार दिवसांत पिवळा होतो. फुलं कशी राहतील?"

कारण इथिलीन. केळी पिकवायला हाच वायू सोडतात, आणि पिकणारी केळी स्वतःही तो सोडतात. फळ ज्याने पिकतं त्यानेच फूल म्हातारं होतं. तेवढ्याशा प्रमाणात त्याचा वास येत नाही, म्हणून आपण फक्त गारवा बघतो आणि फसतो. जरबेरा बराच तग धरतो; कार्नेशन, जिप्सो, ऑर्किड नाही. तेव्हा रायपनिंग चेंबर नकोच, "आज रिकामंच आहे" म्हणाले तरी नको. केळीच्या क्रेटसोबत गाडीत फुलं नकोत. घरच्या फ्रीजमध्ये आंबे असतील तर वरमाला तिथे ठेवू नका. ऑर्किड तर फ्रीजमध्ये ठेवूच नका, थंडीनेही तो डागाळतो.

घाबरू नका, उपाय साधा आहे. जाड भिंतीची अंधारी खोली, खिडकीला ओलं गोणपाट, कूलर. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो. फक्त झोत थेट फुलांवर नको. देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, चार-पाच तास पाणी पिऊ द्या. मगच गुच्छ बांधा.

फुलसजावटीच्या तीन दिवसांच्या कोर्सवर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मला तिथे रिबिनीच्या गाठी शिकवल्या, साठवणीचा शब्द नाही. त्यापेक्षा हार ओवणाऱ्या मावशींजवळ आठवडाभर बसा. देठ खोचायच्या फोमऐवजी केळीचं खोड वापरायला मला त्यांनीच शिकवलं: घड उतरल्यावर बांधावर पडलेलं खोड घ्या, हातभर तुकडे करा, खिळ्याने भोक पाडून देठ खोचा. खोडात भरपूर पाणी असतं, दुपारच्या मुहूर्ताला फुलं तरतरीत राहतात.

त्या सकाळी भुसावळहून निशिगंध आणि शेवंती आणून वेळ निभावली. फुलवाल्याची माफी मागायला मात्र मला आठ दिवस लागले.