पारदर्शक सिरॅमिक बनवताना या चुका टाळा

सिरॅमिकची भुकटी कोल्हापुरात तयार करायची, डबीत घालून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत न्यायची आणि तिथल्या स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग यंत्रावर (साच्यातली भुकटी दाबून आणि विजेच्या प्रवाहाने तापवून घट्ट चकती बनवणारे यंत्र) एका दिवसाची वेळ मिळवायची, अशा रीतीने काम करणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली चकती बहुधा काळपट किंवा दुधाळ निघते. दोष यंत्राच्या माथी मारला जातो. परंतु चूक बहुतेक वेळा चकतीतील छिद्रे बंद होण्यापूर्वीच झालेली असते आणि ती छिद्रे मिटली की सहसा दुरुस्त होत नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच पटेल. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की वायूला वाट मिळत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, पडतो. सिरॅमिकच्या चकतीतील छिद्रे मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासची असतात, त्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण ०.१ टक्का सच्छिद्रताही प्रकाश विखुरून चकती पांढुरकी करण्यास पुरते. म्हणून घनता ९९.९ टक्के आली यावर समाधान मानू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बारीक भुकटी ओल धरते आणि तिच्या गुठळ्या होतात. ती वाळवून, चाळून, हवाबंद डबीतच न्यावी.

सर्वांत महागात पडणारी चूक घाईची आहे. हे यंत्र मिनिटाला १०० अंश सेल्सिअसने सहज तापते आणि दिवस संपत आलेला असतो, म्हणून तोच वेग शेवटपर्यंत ठेवला जातो. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी मिनिटाला केवळ ८ अंशांच्या वेगाने ११५० अंशांपर्यंत जाऊन पारदर्शक अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) मिळवले होते. स्पिनेलसाठी (मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे संयुक्त ऑक्साइड) साधारण ९०० अंशांपर्यंत वेगाने जावे, तिथून १३०० अंशांपर्यंत मिनिटाला १० अंश किंवा त्याहून कमी वेग ठेवावा, आणि ८० मेगापास्कलच्या आसपासचा दाब वापरावा. वेळ वाचवायचा तो पहिल्या टप्प्यात. चकती दुधाळ आली म्हणून पुढच्या खेपेला तापमान वाढवणे हा उपाय अ‍ॅल्युमिनाच्या बाबतीत तर उलटाच पडतो, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) दिशेनुसार बदलतो आणि कण मोठे झाले की कणसीमांवरच, म्हणजे दोन कण जुळतात तिथेच, प्रकाश विखुरतो. कणांचा आकार अर्ध्या मायक्रॉनच्या आत राहिला तर बरे.

काळेपणाची कारणे दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. निर्वातात तापवल्याने ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहिल्या असतील, तर चकती हवेच्या भट्टीत सुमारे १००० अंशांवर काही तास ठेवल्यास उजळते. ग्रॅफाइटच्या डायमधून (साचा) आणि त्याच्या आत लावलेल्या पातळ फॉइलमधून आत गेलेला कार्बन मात्र बंद छिद्रांत अडकलेला असेल, तर त्याच भट्टीत त्याचा वायू होतो, छिद्रे फुगतात आणि काळी चकती दुधाळ होऊन बाहेर येते. आमच्या एका चकतीत फॉइलच्या सुरकुतीला समांतर अशी बारीक राखाडी रेष उमटली होती. पॉलिश करून वरचा थर काढला तरी ती गेली नाही. तेव्हापासून फॉइल कापताना मी तिची कड नखाने सपाट करून पाहतो. मॉलिब्डेनम किंवा टँटलमची फॉइल मध्ये घातल्यास कार्बनला अडसर होतो, पण खरा बचाव कमी तापमान आणि धीमा वेग हाच आहे.

पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारे उपकरण) डायच्या बाहेरचा पृष्ठभाग पाहत असेल, तर चकतीचे तापमान दाखवलेल्या आकड्याहून दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक अंशांनी जास्त असू शकते. दुसऱ्या डायवरची पाककृती जशीच्या तशी उचलू नये. थंड होताना दाब हळूहळू सोडावा, नाहीतर तडा जातो.

शेवटची चूक तपासणीतली आहे. चकती वर्तमानपत्रावर टेकवली की धूसर सिरॅमिकमधूनही अक्षरे वाचता येतात आणि माणूस फसतो. ती कागदापासून चार बोटे वर धरावी. अक्षरे तेव्हाही ठसठशीत राहिली, तरच ती पारदर्शक. मोजमाप देताना दोन्ही बाजू आरशासारख्या पॉलिश करून सरळ जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, तरंगलांबी आणि चकतीची जाडी ही तिन्ही लिहावीत. पृष्ठभागावरील परावर्तनामुळे स्पिनेलची कमाल मर्यादाच सुमारे ८७ टक्के आहे, त्यामुळे ९५ टक्के आकडा आला तर चकतीचे कौतुक करण्याआधी मोजणी तपासावी.