कोरड्या हवेतलं अंगण: ॲलर्जी असलेल्या लेकरासाठी कसं करावं

आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत कूलरशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही. कूलर करतो काय, तर मागची हवा ओढतो आणि ओल्या गवतातून घरात सोडतो. त्या गवतात थोडी धूळ अडकते, सगळी नाही. म्हणजे कूलरच्या मागे जे उगवलंय, त्याच्या जवळची हवा लेकरू रात्रभर घेत असतं. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि दर उन्हाळ्यात पहाटे शिंकून शिंकून बेजार व्हायची. मागे जाऊन पाहिलं, तर कूलरचं पाणी गळून भिंतीशी जी ओल धरली होती, तिथे कमरेएवढं गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. बाकी अंगण भाजून निघालेलं, हिरवं काय ते तेवढंच.

म्हणून अंगणाची सुरुवात नर्सरीतून करू नका, कूलर आणि झोपायच्या खोलीची खिडकी यांच्यापासून करा.

त्याआधी एक काम डॉक्टरांकडचं. कशाची ॲलर्जी आहे ते त्वचेवरच्या चाचणीतून बऱ्याच अंशी कळतं. घरातल्या धुळीतल्या किड्यांची असेल, तर अंगण कितीही बदललं तरी फरक थोडाच पडेल. आणि अंगण सुधारलं म्हणून इनहेलर आपल्या मनाने बंद करायचा नाही.

मग दोन-तीन आठवडे नुसतं बघा. शिंका कधी येतात, कुठे बसल्यावर येतात, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. काठीला हलक्या कापडाची पट्टी बांधून वारा कुठून येतो ते पाहा. पांढऱ्या बशीला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून ती रात्रभर कूलरच्या मागे ठेवा. सकाळी त्यावर काय चिकटलंय ते भिंगातून बघा. परागकण डोळ्यांना ओळखू येणार नाहीत, पण धूळ किती आणि फुलांचा चुरा किती, याचा अंदाज येतो.

आधी काढायचं काय

गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, सगळ्यात आधी. 1950च्या दशकात पुण्यात ते नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. त्याने नाक वाहतं, दमा बळावतो, आणि नुसत्या स्पर्शानेही कातडीवर पुरळ येतं. पहिल्या पावसानंतर जमीन ओली असताना, फुलं यायच्या आत, मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकाला मास्क हवाच. ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे काम करू नये. फुलावर आलेलं गवत खतात टाकू नका, आणि जाळूही नका, धुराने दमेकऱ्याचा जीव आणखी घुसमटतो. मोकळ्या झालेल्या जागेत तरोट्याचं बी फेका. तो दाट वाढतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. वर कोवळ्या पाल्याची भाजी होते.

त्यानंतर काटेमाठ, आपोआप उगवलेला एरंड आणि कुंपणाची वेडी बाभूळ. यांचे पराग हवेतून फिरतात. शोभेला म्हणून रांगेने लावलेला कोनोकार्पस असेल तर तोही काढा. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, त्यात श्वसनाच्या त्रासाचंही कारण होतं.

लॉन लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला 500-600 मिलिमीटर पावसाच्या मुलखात ती पाण्याची उधळपट्टी तर आहेच, शिवाय हरळीला तुरे आले की तिचा पराग ॲलर्जीवाल्याला हमखास छळतो. गणपतीला दूर्वा लागतात, त्या कुंडीत ठेवा आणि तुरा दिसला की लगेच खुडा.

जमीन झाका

कोरड्या हवेत परागाइतकाच धुळीचा त्रास. काळी माती उन्हात भेगाळते आणि वाऱ्याबरोबर उडते. मुलं खेळतात तिथे शहाबादी फरशी, येण्याजाण्याच्या वाटेवर मुरूम दाबून, झाडांच्या बुंध्याशी खडी. पालापाचोळ्याचा जाड थर खिडकीजवळ नको, ओला झाला की बुरशी धरते. जिथे ऊन भरपूर आहे तिथे चिनी गुलाब पसरू द्या, त्याला पाणी अगदी कमी लागतं.

लावायचं काय

सोपा नियम असा: ज्या फुलावर मधमाशी किंवा भुंगा येतो, त्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो सहसा हवेत फार उडत नाही. डाळिंब हे तर आमच्याकडचंच झाड. त्याच्या जोडीला सीताफळ, लिंबू, शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, बोगनवेल आणि कोरफड. सावलीसाठी शेवगा पश्चिमेला लावा, दुपारचं ऊन अडतं.

काही गोष्टींना मात्र जपा. गाजर गवताने कातडीला त्रास होत असेल, तर त्याच कुळातल्या शेवंती, झेंडू, सूर्यफुलानेही होऊ शकतो. रातराणीच्या उग्र वासाने काहींची छाती भरते, ती खिडकीपासून लांब बरी. कण्हेर पाण्यावाचून तग धरते म्हणून सगळे सुचवतात, पण ती विषारी आहे. लहान मूल असेल तिथे नको. आणि कुणाला मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल, तर फुलझाडं खेळायच्या जागेपासून दूर, कुंपणालगत लावा.

पाणी ठिबकने, बुंध्याशी, सकाळी. कूलरचं गळतं पाणी नळीने लिंबाच्या आळ्यात सोडा. भिंतीशी ओल राहिली नाही की गाजर गवतही तिथे येत नाही.

अंगण झाडायच्या आधी हलका सडा घाला, कोरड्या झाडूने धूळ नुसती इकडची तिकडे होते. वारा सुटला असेल त्या दिवशी पांघरुणं बाहेर वाळत घालू नका. खेळून आल्यावर हात, पाय, तोंड धुऊन कपडे बदलायचे, मग जेवण. कूलरच्या टाकीतलं पाणी चार-पाच दिवसांनी पूर्ण ओता आणि टाकी घासा. कूलरच्या जाळीतलं गवत दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवं घाला. गेल्या वर्षीचं तसंच ठेवलं, तर पहिल्याच रात्री जुनी धूळ आणि बुरशी खोलीत येते, आणि कूलरमागचं गाजर गवत उपटायची मेहनत फुकट जाते.